माळ्यावरून दिसलेली पेचबुरी

काल संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो आणि भोरड्यांचा थवा दिसला. आधी आभाळात काहीतरी काळसर हलल्यासारखे वाटले. मग ते वळले, दुमडले, पिंपळाच्या शेंड्यापर्यंत खाली आले आणि टेकडीच्या बाजूला निघून गेले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने मान वर केलीसुद्धा नाही. मी मात्र हातात ओलसर सदरा धरून तसाच उभा राहिलो. भोरड्या आल्या म्हणजे शाळूच्या कणसात दूध भरले. म्हणजे तिकडे चऱ्होलीला आमच्या रानात चार मेढी रोवून माळा उभा राहिला असेल आणि तात्या गोफण घेऊन त्यावर चढले असतील.

या पाखरांबरोबर मला दरवर्षी सयाम देशातला एक मुलूख आठवतो. मी तो पाहिलेला नाही. पुढे कधी पाहीन असेही वाटत नाही. तरी त्या डोंगरावरचा राजवाडा, तिथली माकडे, ताडाची झाडे आणि वरून उजेड येणारी ती गुहा मला आमच्या इंद्रायणीच्या काठाइतकी ओळखीची आहे. आणि तिच्याशी जोडलेली एक गोष्ट आहे, जी मी दोन वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. पूर्वी ते पलटणीत होते. मोठी लढाई संपली तेव्हा हत्यारे खाली ठेवलेल्या जपानी शिपायांवर पहारा करायला त्यांची तुकडी सयामात गेली आणि पाच-सहा महिने पेचबुरी नावाच्या प्रांतात राहिली. तात्यांच्या सगळ्या आयुष्यातला तो एवढाच प्रवास. पण त्याच्या गोष्टी ते कुठेही सांगत नसत. घरी विषय निघाला की काकी म्हणायच्या, "पुरं झाला तुमचा सयाम, म्हशीला पानी दावा आदी." देवळाच्या पारावर लोक हसायचे. त्यामुळे पेचबुरी उरली ती फक्त माळ्यावर, राखणीच्या दिवसांत. माळ्यावर बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. मी शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसत असे.

सांगण्याची त्यांची एक रीत होती. मातीची तीन ढेकळे ते फळीवर ओळीने मांडत.

"ह्यो डोंगूर. त्याला तीन शेंडे. ह्या शेंड्यावर राजाचा वाडा, पांढराफेक. ह्या मधल्यावर... हाऽऽ होऽ! बसली बघ लेकाची, त्या बांधाच्या अंगाला!" गोफण डोक्याभोवती दोनदा फिरे, दोरी फटकन वाजे आणि कणसांवरून पाखरांचा एक पट्टा उठे. "मधल्यावर त्यांचा पांढरा घुमट, घंटेवानी. आन तिसऱ्यावर देऊळ. पायऱ्या चढताना दोन्ही बाजूला चाफा. पाचपाकळ्याचा, आपल्या देवळामागं हाय तसला. आन माकडं! आमच्या हवालदाराची टोपी नेली एकानं. राजवाड्याच्या कौलावर बसून ती घालून दावली आमाला."

त्यामुळे त्या राजवाड्याच्या पायऱ्या माझ्या मनात अशाच चढल्या जातात. चार पायऱ्या, मग पाखरांना हाक, मग पुन्हा चार पायऱ्या.

दुसरा वाडा नदीकाठी होता, साहेबाच्या बंगल्यासारखा, आत हिरव्या गुळगुळीत फरशा. तात्यांना तो फारसा आवडला नव्हता. तिसरा समुद्राजवळ. तो आख्खा लाकडाचा, शेकडो खांबांवर जमिनीपासून उंच उभा आणि खालून वारा जाणारा. त्याचे वर्णन करताना ते बूड हलवून माळ्याच्या फळ्या करकरवत आणि म्हणत, "ह्यो आपला माळा हाय ना, तसाच. फकस्त राजाचा."

शेजारच्या रानात शिरपा नावाचा तात्यांच्याच वयाचा शेतकरी राखणीला असे. तो तिथून ओरडे, "तात्या, आज काय हाय? राजवाडा का गुहा?"

"आज तुजं थोबाड हाय! पाखरं बघ तुजी!"

भातखाचरांतून एकदम सरळ उठणारे चुनखडीचे डोंगर, "जमिनीला दात आल्यागत". खाचरांच्या बांधांवर ताड, आणि त्या ताडाच्या रसाचा गूळ. तात्या म्हणत, "आपल्या गुळावानी गोड न्हाई, पर जिभेवर धूर ठेवून जातो." समुद्राकडे मिठागरे, त्यात वेचलेल्या कापसासारखे पांढरे ढीग. हे सगळे सांगून झाले की शेवटी गुहा येई. पायऱ्यांनी खाली उतरायचे. आधी अंधार, वटवाघळांचा वास, पायाखाली ओल. मग डोंगराच्या पोटात देवळाच्या सभामंडपाएवढी जागा. छताला एक भलेमोठे भोक. दुपारी त्यातून उजेड पडतो. "उजेड म्हनू नगंस त्याला. वरून कुनीतरी घागर वतल्यागत त्यो येतो आन मूर्तीच्या मांडीवर पडतो." भोवताली बुद्धाच्या कितीतरी मूर्ती आणि खेडवळ बायामाणसे त्यांना सोन्याच्या वर्खाचे तुकडे चिकटवताहेत. इथे आले की तात्या गोफण उचलून पाखरांकडे वळत. गुहेच्या पुढे पेचबुरी नव्हती.

ज्या वर्षाविषयी मी सांगतो आहे, त्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. दर शनिवारी दुपारी सायकलवरून गावी यायचो. रस्त्याने तेव्हा पिंपरीकडे कामाला जाणारे लोक भेटू लागले होते. तिकडे औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि चाकणच्या बाजाराइतकीच त्याचीही बोलणी निघत. मार्गशीर्ष संपत आला होता. सायकल बांधाला टेकवून मी धुतलेल्या पांढऱ्या लेंगासदऱ्यात शाळूच्या कडेने न बोलता चाललो होतो. सुर्रकन काहीतरी कानाजवळून गेले आणि मागच्या बाभळीवर आदळले.

"तात्या! मी हाय, मी!"

"कोन? म्हादू व्हय? मला वाटलं बगळा."

माझ्यापासून माळा वीस पावलांवरही नव्हता. मी वर चढलो, हसत हसत. तात्या हसत नव्हते. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे. तेव्हा माझ्या लक्षात आले. दोन्ही बुबुळांवर पातळ दुधाची साय धरल्यासारखे दिसत होते. डाव्या डोळ्यात ती जास्त दाट होती. ते मागच्या वर्षीपासून आवाजावर गोफण मारत होते. पाखरे कुठल्या बाजूला चिवचिवतात, कणीस कुठे हलते, यावरून. घरात कोणालाही त्यांनी कळू दिले नव्हते.

मी म्हणालो, "तात्या, हा मोतीबिंदू. पुण्याला डॉक्टर काढतात. माझ्या पुस्तकात आहे. डोळ्याच्या आत एक भिंग असतं, ते वयानं गढूळ होतं."

"मला न्हाई जायाचं."

"दुखत नाही फार."

"दुखायचं भ्या न्हाई रं." त्यांनी गोफण मांडीवर ठेवली. "त्ये पुस्तकातलं न्हवं. माझ्या हातून तिथं चूक झालीया."

आणि गुहेच्या पुढची पेचबुरी त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली.

पलटणीत जाताना माझ्या आजीने त्यांच्या कमरेला खंडोबाच्या भंडाराची पुरचुंडी बांधली होती. आमचे कुलदैवत जेजुरीचे. जेजुरीला हळद ही आम्हा लोकांना हळद नसते. ती देवाच्या अंगावर पडली की सोनेच होते. गुहेत लोक मूर्तीला सोने लावताहेत हे तात्यांनी पाहिले. उंच डोंगर, पायऱ्या, सोन्याने पिवळा झालेला देव. आपलाच वाटला त्यांना. जवळ सोने नव्हते. त्यांनी पुरचुंडी सोडली, "येळकोट" म्हटले आणि चिमूटभर भंडार मूर्तीच्या मांडीला लावायला हात पुढे केला. तेवढ्यात वरच्या भोकातून वारा आला. सगळी पुरचुंडी उडाली आणि ती पिवळी भुकटी मूर्तीच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांवर जाऊन बसली. मागून एक म्हातारा भिक्खू हात वर करून मोठ्याने काहीतरी बोलला. लोक वळून पाहू लागले. तात्या पळाले. पायऱ्या चढून वर येईपर्यंत त्यांनी मागे पाहिले नाही.

"दुसऱ्याच्या देवाच्या डोळ्यात माती घातली म्या," ते म्हणाले. "आता माझ्या डोळ्यात आलीया. ज्येचं त्येला. डाक्तर त्यात काय करनार?"

मी पुस्तकातले आणखी सांगू लागलो. वय, पोषण, उन्हातले काम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुज्या पुस्तकाला ठावं हाय का, त्यो म्हातारा मला काय म्हनला?"

पुस्तकात ते नव्हते. म्हणून पुढच्या शनिवारी मी खोटे बोललो. म्हणालो, "आमच्या कॉलेजात सयामचा एक विद्यार्थी आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, यात काही दोष नाही."

"पेचबुरी बघितलीया का त्यानं?"

"हो."

"मंग गुहेत उतरताना चाफा कंच्या हाताला हाय, सांगितलं असंल त्यानं."

तात्या रागावले नाहीत. "म्हादू, खोटं बोलताना तुजा आवाज तुज्या बापासारखा बारीक व्हतो. आता मी कानानंच बघतो, त्ये इसरू नगंस." मग म्हणाले, "मानूस खरंच आसंल तर इचार. न्हाईतर र्‍हाऊ दे."

माणूस खरोखरच होता. प्रसित त्याचे नाव. पाली शिकायला आलेला, ठेंगणा, नेहमी इस्त्रीचे कपडे घालणारा. तो आमच्याच वसतिगृहात राहत होता आणि खानावळीत माझ्यापासून दोन पाटांवर बसत होता. त्याला मराठीची "पुरे" आणि "गरम पाणी" एवढीच दोन वाक्ये येत. बाकी सगळे इंग्रजी.

आता जे लिहायचे ते लिहिताना अजूनही जड जाते. माझे इंग्रजी पुस्तकातून वर आलेले होते. तोंडातून ते कधी गेले नव्हते. वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसत असे. प्रश्न विचारला तर सगळ्यांना कळेल की हा चुकून इथे आला आहे, अशी एक भीती मला सदैव असे. मी तो प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून काढला. तीनदा सुधारला. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि ती तिथे तीन आठवडे राहिली. रोज दोन वेळा मी प्रसितपासून दोन पाटांवर जेवत होतो. कधी तो घाईत दिसे, कधी त्याच्याजवळ कोणी असे, कधी कारण काहीच नसे. सदरा धुवायला टाकताना चिठ्ठी काढायची आणि दुसऱ्या सदऱ्यात ठेवायची. तिच्या घड्या झिजल्या.

त्या तीन शनिवारी मी गावी गेलोच. तात्यांनी एकदाही विचारले नाही. पण गोफणीचे दगड पाखरांपासून लांब पडू लागले होते. एकदा शिरपा ओरडला, "आवं तात्या, माझ्या रानात का मारताय? माझी पाखरं मी हाकतो की!" तात्यांनी नुसता हात हलवला. ढेकळे मांडणेही त्यांनी सोडले होते.

चौथ्या आठवड्यात प्रसितने आपणहून माझ्याकडे पाहिले. वाढप्याने त्याच्या ताटात ठेचा वाढला होता आणि तो काय आहे ते त्याला विचारायचे होते. मी तिखट असल्याची खूण केली. तो हसला. त्या हसण्यात मी बोलायला हवे होते, पण शब्द आलाच नाही. मी खिशातून चिठ्ठी काढली आणि तशीच त्याच्या हातात दिली.

त्याने ती वाचली. इंग्रजीला हसला नाही. पुन्हा वाचली आणि म्हणाला, "तुमचे काका पेचबुरीला होते?" मग तो बोलतच राहिला आणि मला जवळजवळ सगळे समजले. अजूनही मला याचे आश्चर्य वाटते की ते इतके सोपे होते.

पौषातल्या एका रविवारी प्रसितला सायकलवर मागे बसवून मी चऱ्होलीला आणले. शेतात हुरडा भाजत होता. तात्या माळ्यावरून उतरून आगटीपाशी बसले होते. काकींनी पाहुण्याला आधी नीट न्याहाळले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "ह्येला तिखट चालतंय का? न्हाईतर गूळ आनू?"

"कोन आलाय?" तात्यांनी विचारले. मी सांगितले. ते आवाजाच्या दिशेने वळले. मग गरम कणीस तळव्यावर चोळून, फुंकून, मूठभर हुरडा पुढे करत म्हणाले, "किन खाव! किन खाव!"

प्रसित उडालाच. त्यांच्या भाषेत "जेवा" म्हणायचे ते असे. तो दोन्ही हात जोडून काहीतरी भराभर बोलू लागला. तात्या म्हणाले, "थांब, थांब, मला तेवढंच येतं."

शिरपाही येऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, "तात्या, म्हंजी सयाम हाय म्हना की खराच."

"न्हाई. ह्यो आभाळातून पडला."

मग परीक्षा सुरू झाली. तात्या विचारत, मी इंग्रजीत सांगत असे आणि उत्तर मराठीत आणत असे. गुहेत उतरताना चाफा कुठल्या हाताला? प्रसितने पुष्कळ विचार केला. म्हणाला, "आठवत नाही. मी शाळेच्या सहलीला गेलो होतो. माकडं आठवतात. त्यांनी माझा जेवणाचा डबा नेला."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "झालं! बघितलीया ह्यानं पेचबुरी."

मग त्यांनी मला खूण केली आणि भंडाराचे सगळे मला सांगायला लावले. मी अडखळत सांगितले. प्रसित ऐकत होता. हातातला हुरडा त्याने खाली ठेवला. "तो भिक्खू काय म्हणाला ते मला कसं कळणार?" तो म्हणाला. "पण तिथल्या पायऱ्या ओल्या असतात. पळणाऱ्याला सगळेच ओरडतात. मलाही ओरडले होते. मी तरी पडलो." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या भिक्खूंची वस्त्रं पूर्वीपासून फणसाच्या लाकडात आणि हळदीत रंगवतात. हळदीचा विटाळ आमच्या देवळाला कसा होईल? आणि दुसरं असं, की आमच्याकडे सोन्याचा वर्ख कुठंही लावत नाहीत. ज्याचे गुडघे दुखतात, तो मूर्तीच्या गुडघ्याला लावतो. ज्याचं पोट दुखतं, तो पोटाला. आणि ज्याचे डोळे बिघडतात, तो डोळ्यांना लावतो, बरे व्हावेत म्हणून."

हे मराठीत सांगताना माझा आवाज बारीक झाला की काय, मला माहीत नाही. मी जसे ऐकले तसेच सांगत होतो.

आगटीतली राख तात्यांनी काडीने सारखी केली. भोरड्यांचा एक मोठा थवा आला, शेतावर एक वळसा घेऊन खाली उतरला आणि सगळ्या कणसांवर बसला. पाखरांचा नुसता कलकलाट. शिरपा उठून उभा राहिला.

"तात्या, आवं पाखरं बसली की!"

"बसू दे," तात्या म्हणाले.

आमच्या रानात असे कधी घडले नव्हते. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजी मी आदीच मागून ठिवलं व्हतं म्हन की. धा वर्सांमागं." आणि मग, "डाक्तर कंच्या वारी बसतो?"

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना पुण्याला आणले. डॉक्टरांनी दिवा धरून दोन्ही डोळे पाहिले. म्हणाले, "उजवा करू. डाव्याचं आता काही व्हायचं नाही. फार पिकून आतून गेला." तात्यांनी मान डोलावली. काकींनी पदर तोंडाला लावला. मी विचारायला तोंड उघडले. तीन आठवडे आधी आणले असते, तर? पण विचारले नाही. डॉक्टर मराठीच बोलत होते.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तात्या आठ दिवस उताणे पडून होते. डोळ्यांवर पट्टी. शेजारच्या खाटेवर खेडचा एक म्हातारा होता. त्याला त्यांनी तिन्ही राजवाडे दाखवले. ढेकळे नव्हती, तर बोटांनी खाटेच्या कडेवर शेंडे मोजून. आता गुहेच्या पुढचेही सांगत होते. पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा माळ्यावर चढले. प्रसित आपला अभ्यास संपवून मायदेशी गेला. जाताना म्हणाला की त्या गुहेत कधी गेलोच, तर तुमच्या काकांच्या नावाने वर्खाचा एक तुकडा लावीन. कुठे लावायचा, हे त्याने विचारले नाही.

भोरड्या पाहिल्यावर रात्रभर थांबवेना. आज सकाळीच मी सायकल काढली. तात्या माळ्यावर होते. मी लांबूनच हाक दिली, तर म्हणाले, "दिसतोस की! वरडतोस कशाला?" वर जाऊन बसलो. पाखरे भरपूर होती. त्यांनी दोन दगड मारले, दोन्ही बरोबर पडले. मी ते सगळे सांगितले. चिठ्ठी, खिसा, दोन पाटांचे अंतर, तीन आठवडे. आणि डॉक्टरांना न विचारलेला प्रश्न. सांगताना त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघवत नव्हते, म्हणून शेताकडे बघत होतो.

तात्यांनी गोफणीत तिसरा दगड घातला. पण फिरवली नाही.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "त्या तीन शनवारी तू आलास आन एकदाबी गुहा सांगा म्हनला न्हाईस."

मी शेताकडेच बघत राहिलो.

"डाक्तरला इचारू नगंस आता. त्येलाबी कुठलं ठावं असनार." मग त्यांनी दगड काढून फळीवर ठेवला, त्याच्या शेजारी मातीची दोन ढेकळे मांडली आणि चष्मा वर सरकवून एकाच डोळ्याने माझ्याकडे नीट पाहिले.

"आन म्हादू, त्या एवढ्या मोठ्या गुहेला तरी कुठं दोन भोकं व्हती?"